फुकटची छत्री

"आत्या, एवढा मोठा समुद्र पडलाय. तो काय कुणाच्या बापाचा आहे? मग बोट एकच का?"

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. २०२५ साली मुंबई ते जयगड रो-रो बोटीची घोषणा झाली, म्हणजे गाडीसकट माणूस बोटीत आणि थेट आमच्या दारात, तेव्हा त्यानं मुंबईहून उत्साहानं फोन केला होता. गणपतीला घाटातून नऊ-दहा तास हाडं खिळखिळी करून येणाऱ्याला आनंद होणारच. पण पठ्ठ्या पडला हिशेबी. तिकिटाचा आकडा ऐकून लगेच म्हणाला, दोन कंपन्या असत्या तर भाव खाली आला असता ना?

मी म्हटलं, "बाबा रे, समुद्र कुणाचाच नसतो. धक्का असतो."

फोनवर तेवढंच बोलले, पण डोक्यात चक्र सुरू झालं. तीसेक वर्षं पोरांना 'मक्तेदारी' हा धडा शिकवला. व्याख्या फळ्यावर लिहायची, चार वैशिष्ट्यं, दोन उदाहरणं, झाला धडा. पण त्यातला खरा मुद्दा मी वर्गात कधी नीट सांगितलाच नाही असं आता वाटतं. तो सांगायचा तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागली असती. आज सांगते. दादा, हे वाचून रागावू नकोस.

आधी बोटीचं.

माझ्या लहानपणी जयगडाहून मुंबईला जायचं म्हणजे बोटीनंच. बोट किनाऱ्याला लागत नसे, आत खोल पाण्यात उभी राही. भोंगा झाला की वळकट्या, ट्रंका, फणसाचे गरे, कोंबड्या, रडणारी पोरं असा सगळा संसार होडीत चढायचा आणि होडी हेलकावत बोटीपर्यंत जायची. पावसाळ्याचे महिने बोट बंद. आईला बोट लागायची. निघायच्या आधीपासून तिच्या कनवटीला लिंबू असे. होडीचं भाडं वेगळं द्यावं लागे आणि त्यावर घासाघीस चालत नसे, कारण होडीचा मक्ता एकाचाच. बोट तर त्याची नव्हतीच, पण बोट आणि किनारा यांच्यामधलं ते हाकेच्या अंतराचं पाणी त्याचं होतं. 'मक्ता' हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी होडीत ऐकला.

बोटींचाही मक्ताच होता म्हणा ना. ब्रिटिशांच्या काळात कोकण किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं राज्य होतं. जुनी माणसं तिला शेफर्ड कंपनी म्हणत, पुढे किलिक निक्सन तिचे व्यवस्थापक झाले. मग स्वदेशीच्या लाटेत आपल्या लोकांनी भांडवल गोळा करून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. एवढं लांबलचक नाव कोण घेतो! लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणू लागले. 'माझी' ह्या शब्दातच सगळं आलं. बोटींची नावंही जिव्हाळ्याची होती. तुकाराम, रामदास, आणि गोव्याकडच्या उतारूंसाठी सेंट अँथनी, सेंट झेवियर.

आता विचार करा. भांडवल आहे, बोट आहे, खलाशी तर आपल्याच गावोगावचे. समुद्राला फाटक नाही. मग नव्या कंपनीला अडवतं कोण?

ह्याचं उत्तर मला पार दक्षिण टोकाला, तुतिकोरीनला सापडलं. तिथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै ह्या वकिलानं १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. टिळकांना तो गुरू मानायचा, म्हणजे आमच्या रत्नागिरीशी त्याचा हा असा धागा. तुतिकोरीन ते कोलंबो ह्या मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. स्वदेशी बोट आल्यावर ब्रिटिश कंपनीनं काय करावं? तिकीट एक रुपयावर आणलं. स्वदेशीनं आठ आणे केलं. तेव्हा ब्रिटिश कंपनीनं तिकीटच माफ केलं आणि वर प्रत्येक उतारूला एक छत्री भेट!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. फुकटात कोलंबो आणि वर छत्री. पण त्या छत्रीचे पैसे कुठून आले? कंपनीच्या बोटी इतर अनेक मार्गांवर चालत होत्या, तिथे कमवायचं आणि इथे उधळायचं. चिदंबरमकडे दुसरा मार्गच नव्हता. त्यातून सरकारही त्याच्यावर उलटलं. १९०८ साली त्याला अटक झाली, जन्मठेप ठोठावली, तुरुंगात त्याला घाण्याला जुंपलं. १९११ साली कंपनी गुंडाळली गेली. छत्र्या घेतलेल्यांनी पुढच्या खेपेपासून पुन्हा तिकिटं काढली असणार.

मला त्या छत्री घेणाऱ्यांचा राग येत नाही. गरीब माणसाला फुकट छत्री मिळत असेल तर तो का सोडेल? मीही घेतली असती. खरं म्हणजे घेतलीच आहे. ते पुढे येईलच.

दुसरी युक्ती ह्याहून गोड होती. कलकत्त्याच्या व्यापारात बड्या जहाज कंपन्यांनी १८७७ पासून ती चालू केली. कंपन्यांनी आपसात संगनमत करून भाडं ठरवायचं आणि व्यापाऱ्याला सांगायचं, तुम्ही शंभर रुपये भाडं भरा, त्यातले दहा तुम्हाला परत देऊ. पण आत्ता नाही. काही महिने थांबायचं, आणि मधल्या काळात तुमचं एक पोतंही दुसऱ्याच्या जहाजावर दिसता कामा नये. दिसलं तर मागचे साठलेले सगळे पैसे बुडाले.

किती साधी गोष्ट! कुणाला धमकी नाही, मारझोड नाही, कायद्याचा भंग नाही. उलट 'सवलत' हे नाव. पण नवा जहाजवाला कितीही स्वस्त भाडं घेऊन आला तरी व्यापारी म्हणणार, तुझं भाडं कमी आहे रे, पण माझे तिकडे अडकलेत त्यांचं काय? जमशेटजी टाटांनी १८९३ साली जपानी कंपनीबरोबर जहाजं सुरू केली तेव्हा पी अँड ओ कंपनीनं भाडी पाडली आणि 'टाटांकडे माल देणार नाही' असं कबूल करणाऱ्यांना सवलती दिल्या. टाटांना ते जहाजाचं प्रकरण आवरतं घ्यावं लागलं. खुद्द टाटांना!

आता आमच्या घराकडे येते.

आमच्या आबांचं दुकान होतं, हे नातेवाइकांना ठाऊकच आहे. मीठ, गूळ, तांदूळ, रॉकेल, पोरांच्या पाट्यांपासून सुतळीपर्यंत सगळं. वाडीत दुसरं दुकान नव्हतं. आणि आमच्या घरी कुणीही जमलं की एक वाक्य निघतंच निघतं, "आबांनी कुणाला उपाशी ठेवलं नाही." ते खरं आहे. घरातला पुरुष मुंबईला गिरणीत, बायको-पोरं इथे, मनिऑर्डर येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आबा वहीत लिहून माल देत. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. मी शाळेतून आले की गल्ल्यावर बसायची आणि माझं अक्षर चांगलं म्हणून वही मीच लिहायची.

मी दहा-अकरा वर्षांची असताना वाडीच्या दुसऱ्या टोकाला एक नवं दुकान निघालं. निघालं कसलं, पडवीतच चार पत्र्याचे डबे आणि एक तराजू. तो माणूस गिरणीतून छातीच्या दुखण्यानं परत आलेला. त्याची मुलगी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. गूळ आमच्यापेक्षा स्वस्त द्यायचा, कारण नोकर नाही, खर्च नाही.

आबा चिडले नाहीत. भांडले नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. एक, गूळ, तांदूळ आणि रॉकेल ह्या तिन्हींचा भाव त्याच्याहून खाली आणला. बाकीचा माल होता त्याच भावात. दोन, वहीतल्या कुणी त्या दुकानातून काही घेतल्याचं कळलं की आबा अगदी शांतपणे म्हणत, "मग मागचं तेवढं चुकतं करून टाका हं." बस्स. मागचं चुकतं करायला वाडीत पैसे होते कुणाकडे? माणसं गप मान खाली घालून आमच्याकडे परत आली. गूळ तर आमच्याकडे आणखी स्वस्त होता. लोक खूश होते. आबा देवमाणूस.

एका पावसाळ्यात ती पडवी बंद झाली. दिवाळीला गुळाचा भाव आबांनी पुन्हा चढवला. पहिल्यापेक्षा थोडा वरच. पाटीवर तो भाव मी माझ्या हातानं लिहिला, चांगल्या अक्षरात.

मुंबईचा व्यापारी आणि पी अँड ओ कंपनी, वाडीतली बाई आणि आबांची वही. फरक आहे का काही? तिथे व्यापाऱ्याचे पैसे कंपनीकडे अडकलेले, इथे बाईचं देणं आबांकडे. दोन्हीकडे भाव उघडा, दार बंद.

पुढे रत्नागिरीला बी. ए. करताना अर्थशास्त्राचा पेपर होता. जो बेन ह्या अमेरिकन प्राध्यापकाचं १९५६ सालचं पुस्तक अभ्यासाला नव्हतं, ते नाव मला फार उशिरा कळलं. त्यानं हेच मांडलं होतं. धंद्यात आज किती जण आहेत एवढंच मोजू नका, बाहेरून आत यायला किती कठीण आहे ते बघा. आत बसलेला किती भाव चढवू शकेल हे त्यावर ठरतं. १९८२ साली बॉमल नावाच्या दुसऱ्या अर्थतज्ज्ञानं त्याची उलटी बाजू दाखवली. दुकान एकच असलं तरी चालेल, पण उद्या दुसरा सहज येऊ शकेल आणि नाही जमलं तर फारसं न गमावता सहज जाऊ शकेल अशी स्थिती असेल, तर तो एकटाही ताळ्यावर राहतो. म्हणजे एकटेपणा हा गुन्हा नाही. कडी लावून बसणं हा प्रश्न आहे.

हे मला आमच्या खाडीवर रोज दिसतं. जयगड-तवसाळ फेरीबोट सुरू झाली म्हणून गुहागरकडे जायचा केवढा वळसा वाचतो. ज्या सुवर्णदुर्ग शिपिंगनं २००३ साली दाभोळ-धोपावे फेरी सुरू केली त्यांचीच ही. त्यांच्याआधी इथे गाडी पलीकडे नेणारं कुणी नव्हतं, ते आले. पहिला येणं आणि दुसऱ्याला येऊ न देणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि पलीकडे खाडीच्या तोंडाशी जेएसडब्ल्यूचं बंदर आहे, तिथे कोळशाची अजस्र जहाजं लागतात. तसलं दुसरं बंदर शेजारी कोण बांधील? खोल पाणी, दगडी बांध, हजारो कोटी रुपये. हाही अडसरच, पण थोडा निसर्गाचा, थोडा पैशाचा. तो कुणी कपटानं लावलेला नाही. म्हणून तर सरकारनं करार करताना डोळे उघडे ठेवायचे असतात.

आणि काही अडसर हवेतच. 'माझी आगबोट'च्याच 'रामदास' बोटीचं काय झालं ते कोकणात कुणाला सांगायला नको. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे "कुणीही उठावं आणि बोट काढावी" असं मी म्हणणार नाही. परवाना पाहिजे, तपासणी पाहिजे, पावसाळ्यात बंदी पाहिजे. पण परवान्याची कडी माणसं वाचवायला लावली आहे की आतल्याचा गल्ला वाचवायला, हे बघायला हवं. बाहेरून दोन्ही कड्या सारख्याच दिसतात.

वालचंद हिराचंदांचीही गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त बोचते. सोलापूरचा हा माणूस. नरोत्तम मोरारजींबरोबर त्यांनी सिंधिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला त्यांची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. त्यांच्यावरही तेच हत्यार चाललं. लॉर्ड इंचकेपच्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली, कंपनी विकत घेऊ पाहिली. वालचंदांनी विकली नाही. पण १९२३ साली दहा वर्षांच्या कराराला मान द्यावी लागली, ७५ हजार टनांच्या वर जहाजं वाढवायची नाहीत! १९२८ साली साराभाई हाजींनी केंद्रीय विधिमंडळात किनाऱ्याची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक आणलं, ते तेव्हा तडीस गेलं नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र किनारा आपल्या जहाजांसाठी राखला गेला.

ऊर भरून येतो ना? माझाही येतो. पण पुढे ती बॉम्बे स्टीम कंपनीच सिंधियाच्या गोटात आली, आणि ज्यांनी दार ठोठावून ठोठावून हात रक्ताळून घेतले तेच आतले झाले. कोकणातल्या उतारूला निवड तेव्हाही नव्हती. नंतर चौगुले आले, मग मोगल लाइन, आणि १९८० च्या दशकात बोटच थांबली. बाहेर उभा असताना माणसाला दाराचा राग येतो. आत गेला की त्यालाच वारा लागतो म्हणून तो दार लोटून घेतो. आबाही लहानपणी दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधूनच वर आले होते.

आता मी घेतलेली छत्री. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट होतं. मी पहिल्या झटक्यात कार्ड घेतलं! पुण्याच्या बहिणीशी तासतासभर गप्पा, मुंबईच्या पुतण्यांचे चेहरे रोज. त्यानं आमच्यासारख्या आडगावच्या म्हाताऱ्यांचं भलं झालं, हे मी नाकारणार नाही. एअरटेलनं तक्रार केली होती, पण स्पर्धा आयोगानं २०१७ साली ती फेटाळली. जिओ नवखं आहे, बाजारावर त्याचं वर्चस्व नाही, असं आयोगाचं म्हणणं, आणि नवा माणूस स्वस्त देतो म्हणजे गुन्हाच करतो असं नाही, हे पटण्यासारखं आहे. पडवीतला तो माणूसही स्वस्तच देत होता की! पण पुढच्या दोन-तीन वर्षांत किती कंपन्या मिटल्या, मोडल्या, एकमेकींत विलीन झाल्या. खासगीत मुख्य अशा तीनच उरल्या. जुलै २०२४ मध्ये तिघींनीही एका पाठोपाठ दर वाढवले तेव्हा मी चरफडत रीचार्ज केलं. जायचं कुठे? सरकारी कंपनीचं नाव घ्यावं तर आमच्या अंगणात तिची रेंज तुळशीपाशी उभं राहिलं तरच मिळते.

कायदे आपल्याकडे झाले. १९६९ चा मक्तेदारी कायदा मी वर्षानुवर्षं शिकवला, त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला, आणि बाजारावर वर्चस्व असलेल्यानं दुसऱ्याला संपवण्यासाठी तोट्यात विकणं त्यात गैर ठरवलं आहे. पण आबांच्या वहीला कुठलं कलम लावणार?

आबा गेल्यावर आम्ही माळ्यावरच्या वह्या काढल्या. दादानं त्या जपून ठेवल्या आहेत. चाळता चाळता त्या दिवाळीनंतरच्या पानांवर एक नाव दिसलं. पडवीवाल्याचं. गूळ अर्धा किलो, तांदूळ दोन किलो, रॉकेल एक बाटली. दुकान मोडल्यावर तोही आमच्या वहीत आला होता. अक्षर माझंच. लिहिताना मला काही वाटलं होतं का, हे मी खूप आठवून पाहिलं. नाही आठवत. माझ्या बाकावरची ती मुलगी पुढच्या वर्षी शाळेत नव्हती, एवढं आठवतं. मुंबईला कुणाकडे तरी कामाला ठेवली म्हणाले.

बरीच वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. आबांवर माझा जीव होता आणि आहे. त्यांच्याच गल्ल्यातून मी बी. ए. झाले. त्यांनी कुणाला उपाशी ठेवलं नाही हे वाक्य खोटं नाही. पण दुसऱ्या कुणाला जेवू घालू दिलं नाही, हेही खरं, आणि पहिलं म्हणताना दुसरं गाळणं मला आता जमत नाही. शिक्षकाची सवय म्हणा.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला होता. म्हणाला, "आत्या, त्या बोटीची काहीतरी सवलत निघाली तर मी बुकिंग करून टाकणार हं, तू भाषण देऊ नकोस."

म्हटलं, कर की. स्वस्त मिळतंय तर घे, तुझा हक्क आहे. फक्त दोन गोष्टी विचारत जा. ही सवलत आज मिळते की पुढे कधीतरी, दुसरीकडे न गेल्याबद्दल? आणि उद्या दुसरा कुणी बोट घेऊन आला तर त्याला धक्क्यावर जागा आहे का?

तो म्हणाला, "आणि नसली तर?"

नसली तर निदान जाणून तरी घे, की छत्रीचे पैसे कधी द्यायचे आहेत.

असो. बराच वेळ लिहीत बसले. बाहेर तवसाळहून शेवटची फेरी येत असावी, भोंगा ऐकू आला. दादा, त्या वह्यांतली ती एक मला देशील का?